शनिवारचे पिराजी

पिराजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या फाटकात, शिपायाशी मोठ्यानं बोलताना. मला वाटलं भांडण चाललंय. पुढं गेले तर शिपाई हसत होता. पिराजींचा आवाजच तसा होता. गंगावेस चौकात दूध कट्ट्यावर दोन्ही वेळा म्हशी बांधायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसाळता पेला हातात द्यायचा, हा त्यांचा धंदा. चौकातल्या गाड्यांच्या वर आवाज काढून "या पावणं, या, गरम हाय तवर घ्या" असं हाकारायची सवय घसा सोडत नव्हती.

बरोबर मुलगी होती. सडपातळ, दोन वेण्या घातलेली, बापाच्या आवाजाची लाज वाटून जमिनीकडं बघणारी. बापाच्या काखेत जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी होती.

आमची शाळा महापालिकेची. गळक्या कौलांची, मोठ्या पटांगणाची, इतर शाळांसारखीच. पण आठवीपासून इथं चित्रकलेची एक वेगळी तुकडी आहे. गणित, मराठी, शास्त्र सगळ्यांसारखंच; दुपारचे तास मात्र रेखाटन, रंग आणि मातीकामाचे. जिल्ह्यातलं कुठलंही मूल परीक्षा देऊन येऊ शकतं. हुपरीहून चांदीचे पैंजण घडवणाऱ्यांची मुलं एसटीनं येतात, शहरातल्या पेठांमधली येतात. मी स्वतः कबनूरची, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली. मुबशिरा माझं नाव. गेली बारा-तेरा वर्षं या तुकडीला मी चित्रकला शिकवते.

"मॅडम, हिला चित्रं काढायचं याड हाय," पिराजी म्हणाले. "भिताडं संपली आमची. आता कॅलेंडरबी संपाय आल्यात."

त्यांनी गुंडाळी सोडली. प्रत्येक पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चुलीतल्या कोळशानं म्हशी काढलेल्या होत्या. बसलेल्या, रवंथ करणाऱ्या, मान वळवून माशी हाकलणाऱ्या. पाठीच्या कण्याची रेघ एका दमात ओढलेली, कुठं खोडलेलं नाही.

"ही चंद्री," पिराजी बोट ठेवून सांगायला लागले. "ही लाथ मारती. बघा, डोळ्यातच दिसतंय की नगं ते! आणि ही आमची म्हातारी. आटली हाय, पर इकायची न्हाय म्हणती पोरगी."

"आबा, गप की," मुलगी पुटपुटली.

मग त्यांनी मला सरळच विचारलं, "हितं शिकून म्होरं काय हुतं?"

"पुढं कलेचं कॉलेज करता येतं. शिक्षिका होता येतं."

"म्हंजे तुमच्यागत मास्तरीण?"

"हो."

"मग झालं की!" असं म्हणून ते इतक्या जोरात हसले, की ऑफिसातले लोक बाहेर आले.

मुलीचं नाव वर्षाराणी. घरी नुसतंच राणी. एकुलती एक. परीक्षेत ती पहिली आली याचं मला नवल वाटलं नाही.

पुढची दोन वर्षं मी तिला रोज बघत होते. बाह्या कायम काळ्या, नखांत कोळसा. बोलायची थोडं, आणि तेही बहुतेक जुलेखाशी. जुलेखा तिची बाकावरची जोडीदारीण, रंगांत हुशार. एकीची रेघ आणि दुसरीचा रंग, असं त्यांचं चालायचं. संध्याकाळी राणी कट्ट्यावर बापाला पेले विसळून द्यायची आणि मधल्या वेळात गुडघ्यावर पॅड ठेवून रेखाटत बसायची. मी तिथनं जाताना दिसले की पिराजी गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचे, "ह्या आमच्या राणीच्या मॅडम! आणि ही राणी, आर्टिस्ट हाय. तुमचं चित्र काढायलीया, हलू नगासा, न्हाईतर नाक वाकडं यील!" लोक खरंच हलायचे नाहीत. पेला तोंडाला लावून तसेच उभे राहायचे.

दहावीच्या मुलांना मी दर वर्षी एक काम देते. घरातल्या एका माणसाचं व्यक्तिचित्र, समोर बसवून करायचं, फोटोवरून नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तो माणूस दुपारी आमच्या वर्गात येऊन खुर्चीत बसतो आणि मूल त्याला कॅनव्हासवर उतरवतं. असे पाच-सहा शनिवार. डिसेंबरात प्रदर्शन. कुणी आजीला आणतं, कुणी काकाला. राणीनं बापाचं नाव सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला, कारण पिराजींना एका जागी बसलेलं कुणीच पाहिलं नव्हतं.

त्यांना खरंच वेळ नव्हता. पहाटे उठायचं, शेण काढायचं, वैरण टाकायची, म्हशी चौकात न्यायच्या. परत आल्यावर धुणं, पाणी, डॉक्टर, पेंड. दुपारी दोन घटका पडायला मिळायचं तेवढंच, आणि संध्याकाळी पुन्हा कट्टा. राणी विचारायची, ते म्हणायचे, "म्होरल्या शनवारी, राणी." एका शनिवारी म्हैस व्यायली. एका शनिवारी वैरणीची गाडी आली.

जुलैत एकदाचे आले. अंघोळ करून, पांढरा सदरा, डोक्याला लग्नातला पटका. खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "हं, काढ." पहिली काही मिनिटं ते सगळ्या वर्गाशी बोलत होते. चंद्रीनं एका फौजदाराला कशी लाथ मारली ते सांगत होते. राणी म्हणाली, "आबा, बोलू नका, तोंड हलतंय." ते गप्प झाले. आणि गप्प झाले तसे झोपले. हनुवटी छातीला टेकली, पटका पुढं घसरला. मुलं तोंडावर हात धरून हसायला लागली.

"आबा, तोंड वर करा की."

"हां हां. जागाच हाय मी."

पुन्हा मान खाली. राणीनं कोळशानं पटका काढला, खांदे काढले, मांडीवरचे हात काढले, आणि चेहरा वर येईल म्हणून वाट बघत बसली. धारेची वेळ झाली तसे पिराजी आपोआप जागे होऊन उभे राहिले. कॅनव्हासवर पटक्याखाली मोकळी जागा बघून ओशाळले.

"पुढच्या शनवारी डोळं उघडं ठिवून बसतो बघ," ते म्हणाले. तिचा चेहरा उतरलेलाच होता. तेव्हा तिच्या गळ्याला हात लावून म्हणाले, "तुज्या गळ्याची शप्पत. झालं?"

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. चंद्रीची कास सुजली होती, जनावरांच्या डॉक्टरला आणायला गेले. राणी दुपारभर कॅनव्हाससमोर बसून राहिली, मग जुलेखाला मदत करायला लागली.

ऑगस्टच्या सुरुवातीला राणीला ताप आला. पावसात भिजली असेल, असं घरच्यांना वाटलं. दोन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या, अंगावर पुरळ दिसलं. दवाखान्यात नेलं, तर डेंग्यू. मी आणि जुलेखा भेटायला गेलो तेव्हा ती जागी होती. ओठ सुकले होते. म्हणाली, "मॅडम, माझा कॅनव्हास कुणाला हलवू देऊ नका, कोळसा पुसंल."

"कुणी हात लावणार नाही," मी म्हटलं.

पिराजी पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांचा आवाज त्या दिवशी मी ऐकला नाही. डॉक्टरांनी रक्ताच्या पिशव्या लावल्या, पळापळ केली. दुसऱ्या दिवशी दुपारी राणी गेली. चौदा वर्षं पुरी होऊन पंधरावं लागलं होतं.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर कुणीच म्हशी बांधल्या नाहीत.

गणपती बसून गेले. सप्टेंबर संपत आला असताना एका शनिवारी दुपारी मुलं आपापल्या माणसांना समोर बसवून काम करत होती. दारात कुणी तरी उभं असल्याचं जाणवलं. पिराजी होते. तोच पांढरा सदरा, तोच पटका. ते काही तरी बोलले, पण इतक्या हळू की मला जवळ जावं लागलं.

"मॅडम, बसू का?"

"या ना, बसा."

मला वाटलं, बाकावर बसतील. ते सरळ राणीच्या कॅनव्हाससमोरच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. हात मांडीवर, जसे तिनं काढले होते तसेच.

"पिराजी," मी म्हटलं, "आता कोण काढणार?"

"कुणीबी काढू दे. न्हाय काढलं तरी चालंल. मी बसतो."

मग मागच्या बाजूचा ऋतुराज उठला. हा मुलगा एरवी सगळ्यांत दंगेखोर. त्यानं आपला बोर्ड उचलून पिराजींसमोर आणला आणि काही न बोलता काढायला लागला. त्याच्यामागं आणखी दोघं आली.

पिराजी त्या दिवशी झोपले नाहीत. डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. धारेची वेळ झाली, टळली, तरी उठले नाहीत. शाळेला कुलूप लावायची वेळ झाल्यावर शिपायानं खांद्याला हात लावला तेव्हा उठले आणि म्हणाले, "म्होरल्या शनवारी येतो."

ते दर शनिवारी यायला लागले. मुलं त्यांना मामा म्हणायला लागली. एक-एक करत जवळजवळ सगळ्या तुकडीनं त्यांना काढलं. पेन्सिलीत, कोळशात, पाण्याच्या रंगात. हळूहळू भिंत त्यांच्या चित्रांनी भरली. मुलांचे हात सुधारत होते, हे खरं. पण डोळे कुणालाच जमत नव्हते. कुणी ते मोठे काढायचं, कुणी लाल. एक मुलगी चित्र अर्ध्यावर सोडून बाहेर गेली आणि व्हरांड्यात रडत बसली. जुलेखानं तर त्यांच्याकडं पाठ करूनच बसायचं ठरवलं होतं. ती आपल्या आजीचं चित्र करत राहिली. आजीला कंटाळा येऊन ती घरी गेली तरी जुलेखा मान वर करायची नाही.

एकदा पिराजींनीच तिला हाक मारली.

"जुलेखा, तू राणीची मैतरीण न्हवं? तिचं ऱ्हायल्यालं तू पुरं कर की."

जुलेखानं माझ्याकडं पाहिलं. मी काही म्हणायच्या आत ती उठली. राणीच्या कॅनव्हाससमोर उभी राहिली, कोळसा हातात घेतला. पटक्याखालच्या मोकळ्या जागेजवळ हात नेला आणि तसाच धरून ठेवला. मग तिनं कोळसा खाली ठेवला.

"मामा, मला नाही येत."

"आज न्हाय तर म्होरल्या शनवारी कर," पिराजी समजुतीनं म्हणाले.

पुढच्या शनिवारी आक्काताई आल्या. पिराजींची बायको. त्यांना मी त्याआधी दोनदाच पाहिलं होतं, एकदा पालकसभेत आणि एकदा दवाखान्यात. शेणाचे हात घाईघाईनं धुऊन तशाच चालत आल्या असाव्यात, लुगड्याचा काठ भिजलेला होता. वर्गात शिरल्या आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अवो, उठा."

पिराजी हलले नाहीत.

त्या माझ्याकडं वळल्या. "मॅडम, तुमी शिकल्याली माणसं. तुमाला कळंना व्हय? शनवारी ह्ये हितं बसत्यात, आणि बाकीच्या दिशी गोठ्यात बसत्यात. धारला हात लावत न्हाईत. चंद्री आटली. दोन म्हशी दिराच्या दावणीला बांधल्या. रातीचा डोळ्याला डोळा न्हाय. इचारलं तर म्हनत्यात, डोळं उघडं ठिवायचं म्हनून शप्पत घेतलीया."

मी पिराजींकडं बघितलं. त्यांनी भिंतीवरची नजर काढली नव्हती.

"तिच्या गळ्याची शप्पत घेतलीती मी," ते म्हणाले. "आणि त्या शनवारी आलो न्हाय. म्हशीपायी ऱ्हायलो. पंधरा दिसांत पोरगी गेली."

"डासानं गेली ती!" आक्काताई ओरडल्या. सगळा वर्ग दचकला. "डागदरनं सांगितलं न्हवं? डासानं गेली. शप्पतीनं माणसं मरत असती, तर तुमच्या तोंडच्या शपतांनी निम्मं गंगावेस मेलं असतं."

पिराजींच्या चेहऱ्यावर काही तरी हललं. हसू नव्हतं ते.

आक्काताई भिंतीजवळ गेल्या. नवऱ्याची सगळी चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली. मुलं मागं उभी होती, आपलं चित्र त्यांना आवडतंय का बघत. शेवटच्या चित्रापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या.

"पोरांनो, चांगलं काढलंय तुमी," त्या आता हळू आवाजात म्हणाल्या. "पर माझ्या पोरीनं ह्यास्नी असं काढलं नसतं. तिनं असं कवा बघितलंच न्हवतं."

मग त्या नवऱ्याजवळ येऊन जमिनीवर बसल्या. खुर्चीच्या पायाशी, मांडी घालून.

"ती तुमचीच लेक हुती का?" त्यांनी विचारलं. "माझी कोन न्हवती? घरात मी एकटी बसतो. तिची दप्तराची खुटी बगत बसतो. तुमी हितं. मी कुनासंगं बोलू?"

तेव्हा पिराजी रडले. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, तेव्हा रडले. पटका काढून त्यात तोंड खुपसलं आणि असा आवाज काढला की बाजूच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. मी मुलांना बाहेर जायला सांगितलं. जुलेखा गेली नाही. ती आक्काताईंच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांनी तिला जवळ ओढलं.

निघताना आक्काताईंनी राणीचा कॅनव्हास मागितला. मुख्याध्यापकांच्या मनात तो प्रदर्शनात हार घालून ठेवायचा होता. आक्काताईंनी मान हलवली. "हार घालून न्हाय ठिवायचं. पुरं न्हाय ते." कोळसा पुसू नये म्हणून मी त्यावर फवारा मारून दिला. दोघांनी तो चादरीत गुंडाळला आणि दोन बाजूंनी धरून पटांगणातनं चालत गेले.

पिराजी त्यानंतर शाळेत आले नाहीत. प्रदर्शनाला मी निरोप धाडला होता. दोघांपैकी कुणी आलं नाही. मुलांनी काढलेली त्यांची चित्रं मी प्रदर्शनात लावली नाहीत. ऋतुराज थोडा नाराज झाला, मग त्याला पटलं. उन्हाळ्यात कळलं की पिराजींनी उरलेल्या म्हशीही भावाला दिल्या आणि नवराबायको आक्काताईंच्या माहेरी, नृसिंहवाडीला गेली. कट्ट्यावर त्यांच्या जागी आता त्यांचा भाऊ उभा असतो. तो गिऱ्हाइकांना हाकारत नाही. लोक आपणहून येतात.

गेल्या हिवाळ्यात मी तुकडीला घेऊन वाडीला गेले होते, घाटावर बसून रेखाटनं करायला. मुलं नदीकाठी पांगली आणि मी चहा शोधत बाजारातनं वर आले. एका बासुंदीच्या दुकानाच्या मागच्या बाजूला मोठी कढई चढवलेली होती आणि तिच्यासमोर लांब उलथनं घेऊन पिराजी उभे होते. केस पांढरे झाले होते, पटका नव्हता. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

"मॅडम. तुमी हिकडं?"

"पोरांना घेऊन आलेय."

"नवी पोरं आसतील."

"हो, नवीच."

आक्काताई पलीकडं द्रोण मांडत होत्या. मला बघून उठल्या, माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. बसायला पाट दिला, समोर बासुंदी ठेवली. म्हणाल्या, "हितं बरं हाय. माणसांची ये-जा असती. राती जेवत्यात आता ह्ये. घास-दोन घास कमी, पर जेवत्यात." राणीबद्दल त्याच बोलल्या. तिला वाडीची बासुंदी किती आवडायची, एकदा खाऊन खाऊन कशी आजारी पडली होती. पिराजी ऐकत होते, उलथनं फिरवत होते, मधे एक शब्द बोलत नव्हते. माणूस कमी बोलायला लागला आहे, की आवाजच गेला आहे, ते मला कळेना. दुकानाचा मालक त्यांना काही सांगायचा तेव्हा ते नुसती मान हलवायचे.

मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "ती जुलेखा?"

"कलेच्या कॉलेजात आहे. दुसऱ्या वर्षाला. चांगलं करतेय."

"मास्तरीण हुनार?"

"होईल, असं वाटतंय."

"बरं झालं," पिराजी म्हणाले. पुढं काही तरी म्हणायचं होतं बहुतेक, कारण तोंड उघडलं होतं. पण दूध बुडाला लागायला आलं होतं. ते कढईकडं वळले आणि पाठमोरे उभे राहून ढवळायला लागले. मी थोडा वेळ थांबले. त्यांनी मागं बघितलं नाही. आक्काताई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या.